अकरा महिन्यांचा पत्ता

भाईंदरजवळच्या राई गावात खोली बघायला आलेला माणूस सहसा तीन गोष्टी विचारतो. पाणी किती वेळ येतं, डिपॉझिट किती, आणि निघता निघता, चपला पायात सरकवताना, करार रजिस्टर करून मिळेल ना. पहिल्या दोन प्रश्नांना घरमालक आकड्यांत उत्तर देतो. तिसऱ्याला ‘बघू’, ‘नोटरी करून देतो ना’ किंवा ‘आपल्यात कशाला कागद’ यांपैकी काहीतरी येतं. भाडेकराराचे मसुदे लिहिणं हे ज्याचं रोजचं काम आहे त्याला या तिसऱ्या प्रश्नापाशी थांबावंच लागतं, कारण बाकीच्या दोन गोष्टी घासाघीस करून जमतात आणि ही जमत नाही. माझं म्हणणं असं आहे की राईसारख्या ठिकाणी भाडेकरू नुसती खोली घेत नसतो, पत्ताही घेत असतो. मालक खोली द्यायला तयार असतो, पत्ता द्यायला कचरतो. आणि ज्या भीतीपोटी तो कचरतो ती भीती एका केव्हाच रद्द झालेल्या कायद्याची आहे. आजचा कायदा वाचला तर कागद टाळून धोका ओढवून घेतो तो मालकच.

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी बस मुर्धा, राई, मोरवा ही गावं घेत पुढे डोंगरीला लागते. मिठागरं, खाडी आणि भातखाचरं यांवर जगलेली ही जुनी आगरी वस्ती. १९८५ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, पुढे राई-मुर्ध्याची ग्रामपंचायतही तिच्यात गेली, आणि २००२ साली पालिकेची महानगरपालिका झाली. २००१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५ लाख २० हजार होती, २०११च्या जनगणनेत ८ लाख ९ हजार. दहा वर्षांत वाढलेली ही जवळपास तीन लाख माणसं कुठेतरी राहायला गेलीच, आणि ती सगळी काही मीरा रोडच्या टॉवरांत गेली नाहीत. गावठाणातल्या बैठ्या घरावर मजला चढला, मागच्या परसात दोन खोल्या निघाल्या, जिथे पूर्वी मिठाच्या गोण्या किंवा भाताचा पेंढा असे तिथे आता स्वतंत्र दार आणि स्वतंत्र सबमीटर असलेली रूम आहे. खाली मालकाचं कुटुंब, वर भाडेकरू. सोसायटी नाही, म्हणून सेक्रेटरी नाही, एनओसी नाही, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस नाहीत. मेट्रो ९ची कारशेड आधी राई-मुर्धा-मोरव्याच्या जमिनीवर येणार होती, गावकऱ्यांनी विरोध केला आणि ती डोंगरीकडे सरकली. पण मेट्रोचं नाव तेवढं एजंटांच्या तोंडी राहिलं, भाडं सांगताना उपयोगी पडतं म्हणून. पाण्याचंही तसंच. सूर्या योजनेतून शहराला २१८ दशलक्ष लिटर मिळायचं आहे, ही बातमी भाडेकरूंना पाठ आहे. बादली भरायची वेळ मात्र पहाटेचीच.

अशा घरात मालक आणि भाडेकरू यांच्यामध्ये तिसरं कुणी नसतं. फ्लॅट भाड्याने देताना निदान सोसायटी कराराची प्रत मागते, म्हणून तरी तो केला जातो. गावठाणातल्या खोलीला कुणी विचारत नाही. एक पोलीस सोडले तर. १ ऑक्टोबर २०२०पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याबाबत लोक बऱ्यापैकी जागरूक झालेत. आधार कार्डाची झेरॉक्स, फोटो, मूळ गावचा पत्ता, कुठे कामाला, हे सगळं मालक हौसेने भरून देतो. यातली विसंगती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. हा माणूस माझ्या घरात राहतो, हे पोलीस ठाण्याला लेखी कळवायला मालकाची हरकत नसते; तेच वाक्य दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं म्हटलं की हात आखडतो. संशयाचा कागद होतो, व्यवहाराचा राहतो.

ही भीती आली कुठून? ती मुंबईहून आली, आणि तेव्हा ती खोटी नव्हती. युद्धाच्या काळातल्या टंचाईतून निघालेला भाडेनियंत्रणाचा विचार १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात पक्का झाला. भाडी गोठली ती इतकी, की १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला म्हणावं लागलं, की १९४०च्या पातळीवर थिजलेलं प्रमाण भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. भाडेकरूला काढता येत नाही आणि भाडं वाढवता येत नाही, म्हणून मालकांनी पगडी घ्यायला सुरुवात केली. आणि ज्यांना पगडीही नको होती त्यांनी ‘भाड्याने’ हा शब्दच टाळून ‘लिव्ह अँड लायसन्स’ काढलं. १८८२च्या सुखाधिकार कायद्यातली ही कल्पना, की जागेत कुठलाही हक्क निर्माण न करता फक्त वापराची परवानगी द्यायची. मग १९७३ साली भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवान्यावर जागेत असलेले लोक कायद्याने भाडेकरू ठरले. ज्यांनी विश्वासाने दोन-चार वर्षांसाठी जागा दिली होती त्यांच्या हातून ती कायमची गेली. ‘कागदावर नाव आलं की घर गेलं’ हे वाक्य तिथे जन्मलं. गिरगाव-दादरहून लोक विरारच्या दिशेने सरकत गेले, तसं ते वाक्यही चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीत बसून भाईंदरला उतरलं. गंमत अशी, की १९७३ साली राईत मीठ पिकत होतं, भात पिकत होता, भाड्याच्या खोल्या जवळपास नव्हत्या. भाडेकरू यायच्या आधीच भाडेकरूची भीती गावात येऊन राहिली होती.

तो कायदा आता नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २०००पासून लागू आहे, आणि त्याची दोन कलमं प्रत्येक मालकाने निदान एकदा वाचायला हवीत. कलम २४ सांगतं, की राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेची मुदत संपली की परवानाधारकाने ती सोडायची; न सोडल्यास मालकाने दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षं खेटे घालायचे नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा; आणि मुदतीनंतर जितके दिवस तो राहील तितक्या दिवसांचं दुप्पट शुल्क त्याच्याकडून वसूल करता येतं. लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा मानलं जातं. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानाधारकाने बचावाची परवानगी मागायची, नाही मागितली तर निर्णय त्याच्याविरुद्ध जातो. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण. आता कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी मेख पुढे आहे. नोंदलेला करार नसेल, तर जागा कुठल्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरायचं. म्हणजे भाडं आठ हजार ठरलं होतं की तीन, डिपॉझिट पन्नास हजार दिलं होतं की दीड लाख, अकरा महिन्यांची बोली होती की कायमची, यात पहिला शब्द भाडेकरूचा. ज्या माणसाला भाडेकरू घरात घुसून बसेल ही भीती आहे, त्याने नेमकं हेच हत्यार भाडेकरूच्या हातात आपण होऊन ठेवलेलं असतं.

‘अकरा महिने’ या आकड्याचीही तीच कथा. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून नोंदणी टाळायला कुणीतरी एक महिना कापला आणि अकरा हा आकडा देशभर रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याने मुदत कितीही असो, नोंदणी सक्तीची केली. पळवाट बुजली, पायवाट तशीच राहिली. नोटरीच्या शिक्क्याने नोंदणी होत नाही, हे सांगूनही पटत नाही, कारण शिक्का गोल आणि लाल असतो. आणि तो आता स्वस्तही उरलेला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये अनेक दस्तांचा शंभर-दोनशेचा मुद्रांक पाचशेवर गेला. उलट नोंदणीकृत करारावर मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं. समजा भाडं आठ हजार, डिपॉझिट पन्नास हजार, मुदत अकरा महिने. बेरीज ९३ हजारांच्या आसपास, शुल्क अडीचशेच्या आत. नोंदणी फी शहरी भागात एक हजार. मसुदा करणाऱ्याचे पैसे वेगळे, ते मी कमी करा म्हणणार नाही.

खर्चाचा मुद्दा इथे संपतो, पण मालकाचा पुढचा आक्षेप जास्त खरा असतो: करार नोंदवला की उत्पन्न दिसतं, आणि दिसलं की कर लागतो. भाड्याचं उत्पन्न आयकरात दाखवायला हवंच, त्याला कराराची नोंदणी झाली की नाही याच्याशी देणंघेणं नाही. मात्र त्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते, आणि २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्यावर येतो. राईत दोन-तीन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला या कक्षेत भीतीचं कारण नाही. ज्याच्या वीस-पंचवीस खोल्या आहेत त्याला आहे, आणि तो नोंदणीला विरोध करतो तेव्हा तो भाडेकरूला घाबरून करत नाही, हे तरी मान्य करावं.

त्याहून अवघड आक्षेप जमिनीचा. गावठाणातल्या कित्येक घरांची मिळकत पत्रिका नाही, सातबाऱ्यावर आजोबांचं किंवा चार भावांचं एकत्र नाव, मजला चढवताना परवानगी घेतलेली नाही, आणि मीरा-भाईंदरच्या जमिनींवर इंग्रजी अमलातल्या जुन्या पट्ट्याचा वाद आहे तो वेगळाच. ‘माझ्याच नावाचा ठिकाणा नाही, मी दुसऱ्याला काय लिहून देऊ?’ या प्रश्नात तथ्य आहे. पण लिव्ह अँड लायसन्स हा मालकी ठरवणारा दस्त नाही. ताब्यात असलेला माणूस वापराची परवानगी देतो, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यासाठी घरपट्टीची पावती आणि वीजबिल व्यवहारात पुरतं. अनधिकृत बांधकामाची भीती मात्र मी खोडून काढणार नाही. पालिका अशा घराकडून कर घेते, महानगरपालिका कायद्यातल्या २६७-अ कलमाखाली दुपटीची शास्तीही लावू शकते, आणि पैसे घेतले म्हणून बांधकाम नियमित झालं असं मानत नाही. सरकारच जर ‘पैसे घेतो, पण हक्क मानत नाही’ असं म्हणत असेल, तर मालकाने भाडेकरूशी तेच वागणं शिकलं, यात नवल नाही. तरीही ते बांधकाम पालिकेच्या दप्तरात आधीच आहे. भाडेकराराने ते नव्याने उघडं पडत नाही.

आता भाडेकरूच्या बाजूने बघू, कारण पत्त्याचं मोल तिथे कळतं. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा, तर भाड्याने राहणाऱ्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला करार लागतो, तोही अर्जाआधीच्या तारखेचा आणि किमान अकरा महिन्यांचा. नोटरीचा चालत नाही. घरापासूनचं अंतर मोजून शाळा मिळते, आणि घर कुठे आहे हे सांगणारा कागदच नाही. पासपोर्टला नोंदणीकृत करार चालतो. अधिवासाच्या दाखल्याला राज्यातलं पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पंधरा वर्षं म्हणजे अकरा-अकरा महिन्यांचे सोळाहून जास्त करार. भाईंदर, नवघर, मुर्धा, राई असं फिरत एका कुटुंबाने सोळा घरं बदलली आणि त्यातले दोन करार नोंदलेले निघाले, तर उरलेली वर्षं ते कुठे होतं? माणूस इथे होता, भाडं भरत होता, नाक्यावरच्या वाण्याकडे त्याचं खातं होतं, आणि सरकारच्या हिशेबी तो कुठेच नव्हता. हेवी डिपॉझिटवर राहणाऱ्याचं तर विचारूच नका. महिन्याचं भाडं नको म्हणून काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, आणि पावती म्हणून नोटरीचा कागद. गावाकडची जमीन किंवा बायकोचे दागिने अशा रीतीने दुसऱ्याच्या घराच्या लाद्यांखाली जातात.

‘इथे शब्दावर चालतं’ असं गावातले जुने लोक म्हणतात, आणि त्याला मी हसणार नाही. गळणारं छप्पर, दोन दिवस उशिरा आलेलं भाडं, भाडेकरूच्या घरातलं आजारपण, सणाला वर पाठवलेलं ताट, हे कुठल्याच करारात बसत नाही आणि राईत ते अजून होतं. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये मालक पुण्यात किंवा दुबईत असतो. इथे तो जिन्याखाली खाट टाकून बसलेला असतो. पण शब्द तिथे चालतो जिथे शब्द मोडणाऱ्याला उद्या तोंड दाखवायचं असतं. गावातल्या दोघांत ते होतं. बाहेरून आलेला भाडेकरू आणि गावातला मालक यांच्यात, वाद झाला तर तोंड लपवायची वेळ एकट्या भाडेकरूवर येते, कारण गाव मालकाचं. म्हणजे शब्द मोडला तर शिक्षा एकालाच होते. अशा शब्दाला मी विश्वास म्हणायला तयार नाही, तो मर्जीचा भाग झाला. शिवाय मालक म्हातारा झाला, खोल्या मुलांत वाटल्या गेल्या, की बापाने दिलेला शब्द कुठल्या मुलाच्या वाटणीला गेला ते शोधायचं कुणी?

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मालकाचा नाहीच. तो असा: नोंदणीकृत लायसन्स मालकाला इतकं सोयीचं आहे, तर भाडेकरूने ते का मागावं? ज्या कागदाने त्याला पत्ता मिळतो त्याच कागदाने अकरा महिन्यांनी बाहेर पडायची तारीखही ठरते. हे बरोबर आहे. १९४७च्या कायद्याने भाडेकरूला जे दिलं त्यातलं काहीही हा कागद देत नाही, आणि तो देतो असं सांगून मसुदा विकणं फसवणूक होईल. याचं उत्तर नोंदणी टाळण्यात नाही, मुदतीत आहे. पाव टक्क्याचं मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला लागू आहे. बावीस, तेहतीस महिन्यांचे करार होतातही. वर्षाला पाच-सात टक्के वाढ आधीच लिहून टाकली की मालकाचंही नुकसान नाही, आणि मुलाची शाळा मध्येच बदलत नाही. मग ते सर्रास का होत नाहीत? अकरा महिन्यांनी करार नवा झाला की एजंटला पुन्हा दलाली मिळते आणि मसुदा करणाऱ्याला पुन्हा काम. भीती जुन्या कायद्याने निर्माण केली असेल, पण तिला पाणी घालण्यात आम्हा लोकांचाही हात आहे, एवढं इथे लिहून ठेवतो.

कागद काय करू शकत नाही, तेही उघड आहे. आडनाव ऐकून ‘कालच गेली हो खोली’ म्हणणाऱ्याचं दार तो उघडत नाही. मांसाहारी नको, एकटी बाई नको, अमक्या भाषेचा किंवा धर्माचा नको, हे शहरभर चालतं. खाली मालक आणि वर भाडेकरू अशा घरात तर ते आणखी बारकाईने चालतं, कारण तिथे फोडणीचा वासही खाली येतो. नोंदणी ही दार उघडल्यानंतरची गोष्ट.

आणि दार उघडल्यानंतरही एक अडथळा उरतोच. आता करार ऑनलाइन नोंदवता येतो. दुय्यम निबंधकाकडे जायची गरज नाही; मसुदा करणारा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचे आणि साक्षीदारांचे अंगठे आधारशी जुळले की काम झालं. भाडेकरू बिगारी, गवंडी किंवा भांडी घासणारी बाई असेल, तर अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र तीन-चार वेळा नकार देतं. म्हणून बोट कपाळावर किंवा केसांत घासायचं, थोडं तेल लागलं की ठसा उमटतो, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक झाली आहे. राईतला मालक तरुणपणी मिठागरात राबलेला असला तर त्याचाही ठसा लागत नाही. तोही मग कपाळावर अंगठा घासत, यंत्राचा हिरवा दिवा लागायची वाट बघतो.